इलेक्ट्रिक घ्यायची ठरलं, पण जुन्या घराण्याची की नव्या पाहुण्याची?

गोदाकाठचा | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घरात अकरा वर्षांची डिझेल गाडी आहे. इंदिरानगरला रो-हाऊस, पार्किंग स्वतःचं, त्यामुळे सोसायटीच्या एनओसीची भानगड नाही. रोज अंबडला जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, महिन्यातून दोनदा ठाण्याला आईकडे, वर्षातून एकदा वणीला गडावर. इलेक्ट्रिक घ्यायची हे घरात ठरलं. (बायकोने ठरवलं, मी मान डोलावली.)

अडलंय ते पुढे. गेल्या दोन रविवारी चार शोरूम पालथी घातली. एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीकडे इलेक्ट्रिक बघायला गेलो, तर सेल्समनने दहाव्या मिनिटाला मला पेट्रोलच्या गाडीत नेऊन बसवलं. "सर, इलेक्ट्रिकचं अजून काही खरं नाही, दोन वर्षं थांबा." म्हणजे स्वतःच्याच गाडीबद्दल! एका नव्या कंपनीत पोराने स्क्रीनवर गाणी, सिनेमा, सगळं लावून दाखवलं. मी विचारलं, "नाशकात तुमच्याकडे हाय व्होल्टेजचं काम येणारे मेकॅनिक किती?" तो "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून गेला आणि चहा घेऊन आला. चहा चांगला होता.

सासरे म्हणतात, ज्याचं गॅरेज हाकेच्या अंतरावर त्याची गाडी घ्या. मुलगा म्हणतो, जुन्या कंपन्या पेट्रोलच्या गाडीत बॅटरी कोंबून विकतात. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

'कोणती गाडी घेऊ' असा हा धागा नाही, ते शंभर होऊन गेलेत. भरवसा जुन्यावर ठेवायचा की नव्यावर, आणि का, एवढंच सांगा.

तिरकस | ९:२२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. टाटावाले आणि एमजीवाले आले की उठवा.

सातपूरकर | ९:४८

त्या सेल्समनवर रागावू नका. डीलरचं पोट गाडी विकून भरत नाही, सर्व्हिसिंगवर भरतं. ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, कूलंट. दर दहा हजारांना गिऱ्हाईक दारात. इलेक्ट्रिकमध्ये यातलं बहुतेक काही नाही, आणि गाडी थांबवताना मोटरच ब्रेकचं काम करते म्हणून ब्रेक पॅडसुद्धा लवकर झिजत नाहीत. मग तो पोरगा स्वतःच्या मालकाचं गॅरेज ओस पाडणारी गाडी कशाला गळ्यात मारेल? फक्त इलेक्ट्रिक विकणाऱ्या नव्या कंपनीच्या डीलरला हा मोह नाही, कारण त्याच्याकडे विकायला दुसरं काहीच नाही. जुन्यांची खरी अडचण ही आहे, बॅटरी-बिटरी नंतर.

मी सत्तावीस वर्षं सातपूरला जॉबवर्क करतोय. डिझेल इंजेक्टरच्या नोझलला लागणारे बारीक पार्ट. मायको सर्कलचं नाव काढलं की नाशिककराला कळतं मी कशाबद्दल बोलतोय. डिझेलचे पार्ट बनवणाऱ्या मायको कंपनीची बॉश झाली तरी आम्ही मायकोच म्हणतो. डिझेल नोझल हे या गावाचं हातातलं कसब. भोक किती, तर केसापेक्षा थोडं जाड, आणि टॉलरन्स मायक्रॉनमध्ये. त्यावर सातपूर-अंबडमधली किती शेडं उभी राहिली याची मोजदाद नाही.

इलेक्ट्रिक गाडीत नोझल नाही. पण खरं सांगू का भो, आमच्याकडे पहिला धक्का इलेक्ट्रिकने दिलाच नाही. एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, म्हणजे धुराचे कडक नियम, मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या, छोट्या डिझेल गाड्या बाजारातून गेल्या. तेव्हाच एका मशीनवर कव्हर टाकलं, ते अजून काढलेलं नाही. (कस्टमरचं नाव विचारू नका.)

रानजाई | १०:०५

सातपूरकर, वाचून कसंतरी झालं. आता काय करता मग?

सातपूरकर | १०:१७

बसबार, ताई. तांब्याच्या पट्ट्या, कापून, वाकवून, टिन प्लेटिंग करून. नाशकात स्विचगियरचं, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सामानाचं काम पूर्वीपासून आहे, एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन सगळे इथले. त्यामुळे ते जमणारी माणसं मिळतात. बॅटरी पॅकमध्ये सेल एकमेकांना जोडायला अशाच पट्ट्या लागतात. गेल्या वर्षी त्यासाठी एका नव्या कंपनीचा माणूस आला. ड्रॉइंग घेऊन आला नाही, मोबाईलवर फाइल दाखवली आणि म्हणाला सॅम्पल आठ दिवसांत हवंय. जुन्या कस्टमरकडे सॅम्पल पास व्हायला आठ महिने लागतात. आठ दिवसांत दिलं. पैसे मात्र नव्याचे एकशे वीस दिवसांनी आले, जुन्याचे पंचेचाळीसाव्या दिवशी येतात. गोदाकाठचा, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यात आलं.

आकडेमोड | १०:४०

मुळात जुनं कोण आणि नवं कोण हे एकदा ठरवा.

एमजीला सगळे नवी म्हणतात. तो बिल्ला १९२४चा, इंग्लंडचा. मालक सैक, म्हणजे चीनची सरकारी कंपनी, तीही जुनी. भारतात ३५ टक्के जेएसडब्ल्यूचे, म्हणजे पोलादवाले. आणि हलोलचा कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा होता, तिथून शेवरोले निघायच्या. आता यात नवं काय ते शोधा.

उलट टाटा. छोट्या गाड्यांत ते मारुतीनंतर पंधरा वर्षांनी उतरले, इंडिका १९९८ची. २०२०च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा त्यांच्याकडे गमावण्यासारखं फार नव्हतं म्हणून उडी मारता आली. मारुतीचं बघा. २०१८ला पन्नास इलेक्ट्रिक वॅगनआर रस्त्यावर फिरवून तपासल्या आणि गुंडाळून ठेवल्या. त्यांची पहिली इलेक्ट्रिक, ई-विटारा, हंसलपूरच्या कारखान्यातून बाहेर पडली ऑगस्ट २०२५मध्ये. पेट्रोल आणि सीएनजीच्या छोट्या गाड्या हातोहात खपत असताना स्वतःच्या ताटात माती कोण कालवेल?

पण पहिली उडी मारणाऱ्याला कायम पाट मिळत नाही. टाटाचा वाटा एकेकाळी दहा इलेक्ट्रिक गाड्यांमागे सात होता, २०२५मध्ये तो चारच्या आसपास आला. सप्टेंबर २०२४ला एमजीची विंडसर आली आणि पुढचे कित्येक महिने तीच सर्वांत जास्त खपली.

जुनास्कॉर्पिओवाला | १०:५२

महिंद्राला विसरलात की काय? गावची कंपनी आहे! २००२ची स्कॉर्पिओ आपल्या नाशकातून निघाली, तो दिवस आठवतो. आणि इलेक्ट्रिकमध्ये म्हणाल तर २०१०मध्येच त्यांनी बंगळुरूची रेवा घेतली होती. म्हणजे नव्याला विकत घेऊन जुना नवा झाला.

आकडेमोड | ११:०१

आणि मग दहा वर्षं त्या रेवाचं काय केलं हेही लिहा की. तिच्यातून निघालेली ई-टू-ओ किती जणांनी रस्त्यावर बघितली?

जुनास्कॉर्पिओवाला | ११:०६

ते खरं. पण २०२४च्या नोव्हेंबरात बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या, त्या कोऱ्या कागदावर काढलेल्या गाड्या आहेत. पेट्रोलच्या सांगाड्यात बॅटरी बसवलेली नाही. गोदाकाठचा, मुलाला सांगा. दुःख एकच, आधीची इलेक्ट्रिक एक्सयूव्ही ४०० नाशकात बनायची, या दोन्ही चाकणला गेल्या. अंबड-सातपूरला ते लागलंय मनाला.

घाटउतार | रविवार, सकाळी ७:३५

मी चार वर्षं इलेक्ट्रिक चालवतेय. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर तिरकसचे पॉपकॉर्न संपतील. ८२ हजार किलोमीटर झाले. मुंबईला महिन्यातून चार फेऱ्या.

जुन्या-नव्याचा माझा किस्सा ऐका. मागच्या पावसाळ्यात मुंबईहून येताना घोटीला चहाला थांबले. परत आले तर गाडी मेलेली. दरवाजासुद्धा बटणाने उघडेना, चावीने उघडला. स्क्रीन काळी. बॅटरी तर ६० टक्के होती! हेल्पलाइनचा मुलगा तिकडून म्हणतो, "मॅम, ॲपमध्ये गाडी रिस्टार्ट करा." अरे, ॲपला गाडी दिसतच नाही. मग म्हणाला, टोइंग नाशिकहून येईल, तीन तास.

चहाच्या टपरीशेजारी एक बॅटरीवाला होता. ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक हे त्याचं गिऱ्हाईक. बनियनवर बाहेर आला, म्हणाला, "ताई, बॉनेट उघडा, हिच्यात पण बारा व्होल्टची असंल ना?" आणि होती! साधी, लेड ॲसिडची, स्कूटरच्या बॅटरीची थोरली बहीण. गाडीचे दिवे, लॉक, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर, आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विचसुद्धा तीच ओढते. ती बसली की लाखोंची बॅटरी भरलेली असून मुकी. त्याने दोन वायरी लावल्या, गाडी जागी झाली. पैसे दीडशे. वर सांगितलं, तीन वर्षांनी बदलत चला, कंपनी सांगणार नाही.

खरोखरच सांगितलं नव्हतं.

रानजाई | ७:५०

"हिच्यात पण असंल ना" 😄 हा माणूस कोणत्याही कंपनीने सर्व्हिस हेड म्हणून घ्यावा.

पुणेकर_तात्पुरता | ८:१५

बदलीवर नाशकात आहे म्हणून लिहितो. पैशांचंही बघा. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, पण २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा २८ आणि वर उपकर होता तो १८वर आला. त्यामुळे खालच्या किमतीत इलेक्ट्रिकचा जो फायदा होता तो आटला. जुन्या कंपन्या दोन्ही विकतात, त्यांना फरक पडत नाही. फक्त इलेक्ट्रिक विकणाऱ्याला पडतो.

तिरकस | ८:१८

पुणेकर आले आणि कर घेऊन आले.

आकडेमोड | ९:३०

नव्यांनी एक युक्ती मात्र भारी काढली, बॅटरी भाड्याने. विंडसर आली तेव्हा बॅटरीसकट १३.५० लाख, बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि किलोमीटरमागे साडेतीन रुपये. फरक साडेतीन लाखांचा. गोदाकाठचा, तुमचं रनिंग धरू महिन्याला हजार. ३५०० रुपये महिना, आठ वर्षांत ३ लाख ३६ हजार. म्हणजे भाड्याने घेतली तरी जवळजवळ तेवढेच, फक्त पैसे आज जात नाहीत. रनिंग जास्त असेल तर भाडं अंगाशी येतं. करारात महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का ते वाचून घ्या, गाडी दारात उभी असली तरी मीटर पळायला नको.

आणि वॉरंटी. २०२४मध्ये विंडसरने पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी दिली. दोन महिन्यांत महिंद्रानेही बीई ६ला दिली. २०२५ला टाटांना हॅरियर ईव्हीवर आणि मग कर्व्ह, नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीवर द्यावी लागली. त्याआधी आठ वर्षं आणि एक लाख साठ हजार किलोमीटरवर सगळे समाधानी होते. पाहुणा आला म्हणून घरच्यांना शिरा मिळाला, असं आहे हे. टाटांचं आजीवन म्हणजे १५ वर्षं, आणि गाडी विकली की दुसऱ्या मालकाला ती नाही, हे बारीक अक्षरात आहे.

फिगोवाला | १०:१०

नव्या कंपनीची एकच भीती, ती उद्या असेल का. अमेरिकेत फिस्कर जून २०२४ला दिवाळखोरीत गेली, ओशन नावाची बरी गाडी होती, मालक बसले सॉफ्टवेअरच्या अपडेटची वाट बघत. पेट्रोलची गाडी कंपनी मेली तरी मिस्त्री चालवतो, हिचं सॉफ्टवेअर कोण चालवणार?

पण माझं टोपणनाव बघा. फोर्ड कमी जुनी होती का? सप्टेंबर २०२१मध्ये जाहीर केलं, भारतात गाड्या बनवणं बंद. जनरल मोटर्सने २०१७ला विक्री बंद केली, त्यांचा तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे. तेव्हा शंभर वर्षांचं घराणं म्हणून कुणी आपल्यासाठी थांबत नाही. फिगो मात्र मस्त चालतेय, पार्ट मिळतात. सुटे पार्ट बनवणारे इथलेच, ते कुठे जाणार?

सातपूरकर | १०:२५

आम्ही कुठे जाणार! 😀

निफाडकर | दुपारी १:४०

आत्ता बागेतून आलो, सगळा धागा एका दमात वाचला. शहरातली मंडळी कंपनीवर भांडताय, आमच्याकडे भांडण वायरमनशी.

मागच्या दिवाळीत गाडी घेतली. पहिल्या रात्री चार्जर लावला, लाल दिवा. काढला, लावला, लाल. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, अर्थिंग नाही. म्हटलं, आहे की, तार दिसतेय! वायरमन आला, टेस्टर लावला, म्हणाला, अण्णा, तार आहे पण ती मातीत नुसती खोचलीय. वडिलांच्या काळची. फ्रिज, टीव्ही, पंखे वीस वर्षं तसेच चालले, कुणी तक्रार केली नाही. गाडी मात्र म्हणते, अर्थिंग नसेल तर मी एक युनिट घेणार नाही. शहाणी आहे बिचारी. मग गोठ्यामागे खड्डा खणला, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, वरून पाणी. दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा. द्राक्षं गोड झाल्यासारखा आनंद.

व्होल्टेजचं दुसरं. संध्याकाळी गावठाण फीडरवर १७०, गाडी चार्जिंग सोडून देते. रात्री दोनचा टायमर लावतो, तेव्हा सगळे झोपलेले असतात, २२५ मिळतं.

आमच्या गावात तीन इलेक्ट्रिक गाड्या आहेत, दोन जुन्या कंपनीच्या, एक नव्या. तिघांचाही मेकॅनिक हाच वायरमन.

घाटउतार | २:०५

निफाडकर अण्णा, अर्थिंगचं शंभर टक्के. माझ्याकडे पण तेच.

गोदाकाठचा | २:३०

हे कुणी शोरूममध्ये सांगितलं नाही! आमचं घर १९९८चं, बघून घेतो.

एक विचारायचं राहिलं. ठाण्याला जाताना कसारा घाट. येताना चढ. रेंजचं काय होतं?

आकडेमोड | ३:१५

हा प्रश्न आवडला. गाडी १५०० किलो, चार माणसं आणि आईने दिलेले लोणच्याचे डबे मिळून ३०० किलो. एकूण १८००. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर वर. १८०० गुणिले ९.८ गुणिले ५८०, म्हणजे एक कोटी ज्यूलच्या थोडं वर. ३६ लाखांनी भागा, २.८ युनिट. मोटरमध्ये थोडं वाया जातं, तीन धरा. ३० युनिटच्या बॅटरीत हा दहा टक्क्यांचा चढ, ४५च्या बॅटरीत सात टक्क्यांचा. घाटाला घाबरायचं कारण नाही. ताशी १२० चालवलंत तर वाऱ्यात याहून जास्त जातं.

घाटउतार | ३:२२

आणि जाताना मजा. इगतपुरीला ५२ टक्के होती, घाट उतरून कसाऱ्याला ५४. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवऱ्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला मीटर बिघडला असेल.

पुणेकर_तात्पुरता | ३:४०

समृद्धीने जा. इगतपुरी ते आमणे जून २०२५पासून सुरू आहे, आठ किलोमीटरचा बोगदा, चढ सौम्य. राज्याच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धी, पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर टोलमाफी जाहीर झालीय.

तिरकस | ३:४४

पुणेकरांनी फुकटचं काहीतरी सांगितलं, तारीख लिहून ठेवा.

आकडेमोड | ५:००

मूळ प्रश्नावर परत. बॅज जुना असो की नवा, आतलं पीठ एकाच चक्कीतलं आहे. महिंद्राच्या बीई ६मध्ये सेल बीवायडीचे. बीवायडी म्हणजे १९९५ची बॅटरी कंपनी, गाड्या २००३पासून, आणि २०२५च्या वर्षभरात इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीत टेस्लाला मागे टाकलेली. आपल्याकडचे बहुतेक सेल चीनमधूनच येतात. एप्रिल २०२५ला चीनने चुंबकांच्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा जुन्या-नव्या सगळ्यांच्या मोटरींचं टेन्शन एकच होतं. सॉफ्टवेअरची तीच तऱ्हा. फोक्सवॅगनसारख्या घराण्याने २०२३ला चीनच्या शाओपेंगमध्ये हिस्सा घेतला आणि २०२४ला अमेरिकेच्या रिव्हियनशी ५ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. पत्रा कसा वाकवायचा हे त्यांना येतं, कोड लिहिता येईना.

म्हणून मी सेल कुणाचा, त्याच्यावर वॉरंटी किती आणि पॅक उघडायला गाडी कोणत्या गावी न्यावी लागते हे तीन विचारेन. तिसऱ्याचं उत्तर 'पुणे' आलं तर विचार करेन.

जुनास्कॉर्पिओवाला | ५:२०

व्हिएतनामची व्हिनफास्ट कुणी बघितली का? २०१७ला सुरू झालेली कंपनी, ऑगस्ट २०२५ला थुथुकुडीला कारखाना. मालकाने धंद्याची सुरुवात युक्रेनमध्ये नूडल विकून केली म्हणे.

फिगोवाला | ५:२६

म्हणे नाही, खरंच. आणि २०२२पासून पेट्रोलच्या गाड्या बंद करून टाकल्या. त्या हिमतीला दाद. पण मी पहिला गिऱ्हाईक व्हायचं नाही, पाचशेवा होईन.

रानजाई | ५:३१

पाचशेवे व्हायला सगळेच तयार. पहिले चारशे नव्व्याण्णव कोण? 🙂 टेस्लाचं कुणी काढलं नाही ते बरं. जुलै २०२५ला मुंबईत बीकेसीत दुकान उघडलं, मॉडेल वाय तेव्हा साठ लाखांच्या घरात. त्यात आमच्याकडे पाथर्डी फाट्याला गुंठ्यांची चौकशी होते.

गोदाकाठचा | रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी दोन कामं केली. एक, त्या चहावाल्या शोरूमला फोन करून आकडेमोडचा तिसरा प्रश्न विचारला. मॅनेजर स्वतः आले फोनवर, म्हणाले, पॅक उघडायचा तर पुणे, बाकी सगळं इथे. निदान खरं बोलले. जुन्या कंपनीला तोच प्रश्न केला, "सर, तशी वेळच येत नाही." हे उत्तर मला आवडलं नाही.

दोन, टेस्टर घेऊन घराचं अर्थिंग बघितलं. नाहीये. निफाडकर, तुमच्यासारखंच, तार आहे आणि मातीत खोचलेली आहे. वायरमन पुढच्या रविवारी येतोय. गाडी आधी येते की खड्डा, बघू. पाच किलो जाडं मीठ आणि कोळसा आणून ठेवलाय.

निफाडकर | ९:५२

कोळसा लाकडी घ्या, दगडी नको. आणि खड्डा नळाजवळ घ्या भो, उन्हाळ्यात पाणी घालायची आठवण राहते.